साडेतीन मजूर

"निळा नको. निळ्यात तुम्ही अगदी कंपनीचा माणूस दिसता," असं म्हणून मिस्त्रीणबाईंनी नवऱ्याच्या हातात तिसरा शर्ट दिला.

"मी कंपनीचाच माणूस आहे," मिस्त्री म्हणाले आणि मुकाट्याने पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट चढवू लागले.

खाली गल्लीत टीव्हीवाल्यांची गाडी येऊन लागली होती. तिच्या टपावरची तबकडी बघायला निम्मी गल्ली रस्त्यावर होती आणि उरलेली निम्मी जिन्यात. मिस्त्रीणबाईंच्या छातीत सकाळपासून शिलाई मशीन सुरू होतं. एरवी त्या लोकांचे कपडे उसवून, आत-बाहेर करून पुन्हा बेताचे करून द्यायच्या. कुणाची कंबर किती सुटली हे त्या माणसाच्या डॉक्टरांआधी त्यांना कळायचं. पण आपल्याच दारात एवढा गाजावाजा येईल, हे काही त्यांनी मापात धरलं नव्हतं.

झालं होतं असं, की मतदान तोंडावर आलं होतं आणि देशातल्या सगळ्यांत वरच्या खुर्चीसाठी जो माणूस उभा होता, तो शाळेत मिस्त्रींच्या शेजारी, एकाच बाकावर बसायचा. जग त्याला साहेब म्हणायचं. या घरात त्याचं नाव बाकवाला. विरोधकांनी कुठूनतरी त्याचे शाळेतले गुण उकरून काढले आणि देशभर एकच वाद पेटला. कुणी म्हणे, हा तर साफ ढ. कुणी म्हणे, देश चालवायला गणित कशाला हवं, काळीज हवं. न्हाव्याकडे अर्ध्या दाढीची माणसं उठून भांडत होती. थांब्यावर लोक बस सोडत होते, मुद्दा सोडत नव्हते. एका वाहिनीने तर कार्यक्रमच काढला: नेत्याला अक्कल किती असावी? आणि त्यासाठी त्यांनी बाकावरचा दुसरा मुलगा शोधून काढला. तो आता लिफ्ट दुरुस्त करत होता.

अक्कल किती असावी याच्याशी मिस्त्रीणबाईंना कर्तव्य नव्हतं. त्यांना एकच हवं होतं. त्या बाकावर हुशार कोण होतं, ते एकदा साऱ्या देशाला कळावं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी ऐकलं होतं, की बाकवाला मिस्त्रींच्या वहीत डोकावून लिहायचा. पुढे मिस्त्रींचे वडील गेले, शाळा सुटली आणि हातात पाना आला. त्यानंतर मिस्त्रींना कुणी हुशार म्हटलेलं बाईंनी ऐकलं नव्हतं. मिस्त्री, लिफ्ट अडकली. मिस्त्री, लिफ्ट सुटली. जग त्यांच्याशी एवढंच बोलत आलं होतं.

"नुसतं विचारतील तेवढं सांगू नका," त्या कॉलर सरळ करत म्हणाल्या. "वहीचंही सांगा."

"विचारलं तर सांगेन."

"नाही विचारलं तरी सांगा. तुमचं हे असंच असतं."

एवढ्यात बाईंचा धाकटा भाऊ जिन्यातली गर्दी हटवत आत आला. तो साहेबांच्या पक्षात होता. सतरंज्या उचलता उचलता आता खुर्च्या मांडण्यापर्यंत पोचला होता, आणि एखाद्या खुर्चीवर बसायला मिळेल अशी त्याला आशा होती. त्याने दाजींना बाजूला घेतलं आणि एकच वाक्य पढवलं: साहेब लहानपणापासूनच तल्लख. एवढं म्हणायचं आणि हसायचं. मिस्त्री ऐकता ऐकता शर्टाची बटणं लावत राहिले. तेव्हा तो बहिणीकडे वळला.

"ताई, तू सांग गं त्यांना. माझं सगळं या वाक्यावर आहे."

"कधीतरी तुझं तुझ्या डोक्यावर पण ठेवत जा," ताई म्हणाली.

कॅमेरावाला आला, त्याने खोलीभर नजर फिरवली आणि पहिलं काय केलं, तर शर्ट नापास केला. पट्ट्या पडद्यावर थरथरतात म्हणे, लोकांना गरगरतं. शेवटी निळाच आला. खिशावरचं कंपनीचं नाव चिकटपट्टीने झाकलं. मिस्त्री खिडकीपाशी बसले, समोर वार्ताहर मुलगी. तिच्या डोळ्यांखाली निवडणूक उमटलेली होती. तिने बाईंच्या हातचा चहा एका दमात संपवला, कप ठेवायला जागा शोधली आणि सुरू झाली.

मिस्त्रीणबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. बोलायचं नाही अशी ताकीद होती. श्वास घ्यायची परवानगी होती की नाही, ते त्यांनी विचारलं नव्हतं.

साहेब अभ्यासात कसे होते, असं मुलीने विचारलं. बेताचे, मिस्त्री म्हणाले. दारामागे भाऊ कळवळला. मुलीचे डोळे मात्र चमकले. एखादा प्रसंग आठवतो का, तिने विचारलं, आणि मिस्त्री सांगू लागले. घरात हा प्रसंग कितीदा झाला असेल, पण बाईंना आज तो असा वाटला, जणू पहिल्यांदाच होतोय.

गणिताचा पेपर होता. सात मजूर एक चर चार दिवसांत खणतात, तर तोच चर दोन दिवसांत खणायला किती मजूर लागतील? मिस्त्रींना सगळ्यांआधी पेपर संपवायची खोड. घाईत त्यांनी गणित उलटं मांडलं आणि उत्तर आलं, साडेतीन मजूर. बाकवाल्याने बघून तेच लिहिलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दोन्ही पेपर हातात घेऊन वर्गाला विचारलं, हे दोघे कुठल्या देशात राहतात? तिथे अर्धा माणूस कसा मिळतो?

"मी मान खाली घातली," मिस्त्री म्हणाले. "तर तो उठला. म्हणाला, सर, तीन मजूर खणतात. अर्धा म्हणजे मुकादम. तो नुसता उभा असतो."

वार्ताहर मुलगी कॅमेरा विसरून हसली. कॅमेराही थोडा हलला.

मास्तरांचं पोट हलत होतं, मिस्त्री सांगत होते. सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता. बाकवाला इतकं सुरेख बोलला होता, की साडेतीन बरोबरच असावं असं क्षणभर मिस्त्रींनाही वाटलं. चूक त्यांची स्वतःची होती, पण त्याच्या तोंडून ती चूक वाटेना. मग ते उठले आणि म्हणाले, सर, चुकलंय, मी उलटं मांडलं, चौदा पाहिजेत. मास्तर म्हणाले, बस खाली. बाकवाल्याला हजरजबाबीपणाचा एक मार्क मिळाला. मिस्त्रींना चूक कबूल केल्याबद्दल शून्य.

"म्हणजे," मुलगी पुढे सरकली, "हुशार कोण होतं?"

चौकट बाईंच्या बोटांना रुतली.

"हुशार मी होतो," मिस्त्री म्हणाले. पावसाळ्यात छत्री घ्यावी इतक्या साधेपणाने म्हणाले. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्यांना त्या कॅमेरावाल्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

मग नेत्याला अक्कल किती असावी, असं मुलीने विचारलं. मिस्त्रींनी बराच वेळ घेतला. मुलीने घड्याळाकडे पाहिलं नाही, हे तिचं मोठेपण.

"शेजारचा चुकला तर कळावं, एवढी तरी असावी," ते म्हणाले. "मी बरोबर लिहिलं की तो बरोबर, मी चुकलो की तो चुकला. पण एक सांगतो. त्या दिवशी मधल्या सुट्टीत तो माझ्याकडे आला. मार्क मिळाला होता, टाळ्या मिळाल्या होत्या, तरी आला. म्हणाला, चौदा कसे, ते दाखव. समजेपर्यंत उठला नाही. वर्गात दुसऱ्या कुणी विचारलं नाही मला. आता टाळ्या झाल्यावर तो कुणाला विचारतो, ते मला माहीत नाही. मी असतो तर तेवढं बघून मत दिलं असतं."

"मी असतो तर म्हणजे? तुम्हाला मत आहे की," मुलगी म्हणाली.

"आहे ना," मिस्त्री म्हणाले. "म्हणून तर विचार करतोय."

दुपारपासून टीव्हीवर मिस्त्री दिसू लागले. दर तासाला दिसत होते. चर, मजूर, मुकादम, आणि मुलीचं हसू. तिथेच कापलेलं. लगेच चार विद्वान एकाच वेळी बोलायला लागायचे. दोनदा पाहिल्यावर मिस्त्रीणबाईंना वाटलं, पुढचं नंतर दाखवतील. पाचव्यांदा पाहिल्यावर त्यांनी टीव्हीला पाठ केली आणि कुणाच्यातरी कोटाची बाही उसवायला घेतली. गल्लीच्या तोंडाशी विरोधकांनी भला मोठा फलक लावला होता: साडेतीन शहाणा नको. भावाचा फोन बंद होता.

संध्याकाळी तोच धापा टाकत आला. साहेबांची शेवटची सभा थेट दाखवणार होते, आणि साहेब दाजींवर बोलणार होते. दाजींवर! मजल्यावरची मंडळी ऐकताच आत घुसली. कुणी पलंगावर, कुणी मशीनच्या स्टुलावर, एक म्हातारा तर उसवलेल्या कोटावरच बसला. बाई मशीनला टेकून उभ्या राहिल्या. हुशार कोण होतं ते तो म्हणेल, त्यांनी मनात म्हटलं. त्याला तर ठाऊक आहे ना, तोच म्हणेल.

साहेब मंचावर आले. समुद्रासारखी गर्दी होती. त्यांनी साडेतीन मजुरांची गोष्ट सांगितली आणि, खोटं कशाला बोला, मिस्त्रींपेक्षा कितीतरी छान सांगितली. मास्तरांचा आवाज काढला. मुकादमापाशी थांबून हशा पिकू दिला. मग आवाज खाली आणला. आमच्या त्या भल्या मित्राने उत्तर चुकवलं होतं, ते म्हणाले. मीही तेच लिहिलं होतं. पण मित्रांनो, त्या वर्गात कुणीतरी उभं राहिलं आणि म्हणालं, सर, चुकलंय.

एवढं बोलून साहेबांनी छातीवर हात ठेवला आणि नुसते उभे राहिले. नाव कुणाचंच घेतलं नाही.

"नेत्याला एवढी तरी अक्कल असावी," ते म्हणाले, "की चुकलं तर चुकलं म्हणता यावं."

समुद्र उसळला. खोलीतही टाळ्यांचा कडकडाट झाला. भावाने डोळे पुसले. म्हाताऱ्याने मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली, नशीबवान आहात, एवढ्या मोठ्या माणसाने आठवण ठेवली. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मिस्त्री पडद्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

"बोलतो मात्र छान," ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कोपऱ्यावरच्या उंच इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती, आत माणसं होती. मिस्त्रींनी पिशवी उचलली. बाईंनीही चपला घातल्या. तू कुठे, असं त्यांनी विचारलं. इथे बसवत नाही, असं बाई म्हणाल्या.

नवऱ्याचं काम बाईंनी कधी जवळून पाहिलं नव्हतं. बंद दाराला तोंड लावून ते आतल्यांशी बोलत होते. किती जण आहात, कुणाला घुसमटल्यासारखं होतंय का, दाराला हात लावू नका. आतून एक बाई घाबऱ्या आवाजात विचारत होती, काय झालंय?

"ते अजून मला कळलेलं नाही," मिस्त्री म्हणाले. "वर जाऊन बघतो. तोवर माझी बायको इथे तुमच्याशी बोलेल."

ते गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत गेले आणि हाताने चाक फिरवून लिफ्ट इंच इंच वर घेऊ लागले. बाई दारापाशी उभ्या राहून आतल्या बाईशी तिच्या मुलांबद्दल बोलत राहिल्या. दाराच्या काचेतून लिफ्टचा तळ मजल्याच्या पातळीला आलेला दिसला, तशी त्यांनी जिन्यातून हाक दिली. मिस्त्री खाली उतरले, त्यांनी दार उघडलं आणि तिघं जण बाहेर आली. घामेजलेली, सुटकेने बडबडणारी. आतली बाई मिस्त्रीणबाईंचा हात दाबून जिन्याने निघाली. एक तरुण मात्र मिस्त्रींकडे बघून थबकला.

"तुम्ही ते साडेतीनवाले ना? अडकलो तेव्हा फोनवर तेच बघत होतो. साहेबांनी सांभाळून घेतलं हो तुम्हाला."

"उत्तर माझंच होतं," मिस्त्री म्हणाले.

तरुण हसत जिन्याकडे वळला. तेव्हा मिस्त्रीणबाई बोलल्या. बोलल्या काय, जिन्याच्या कठड्यावरून वाकून त्यांनी सांगितलं. "चुकलं म्हणून उठलेही हेच होते. दुसरं कुणी उठलं नव्हतं. हुशार हे होते."

"हो का?" खालून तरुण अदबीने म्हणाला, आणि त्याची पावलं पुढच्या वळणावर उतरून गेली.

मिस्त्री हातातला फडका घड्या करत उभे होते. मग म्हणाले, बिघाड काढून आलोय, पण लिफ्ट लोकांना द्यायच्या आधी एकदा प्रत्येक मजल्यावर थांबवून बघावी लागते. येतेस?

दोघं आत शिरली. पहिल्या मजल्यावर दार उघडलं. बाहेर दिवा होता, कुणी नव्हतं. मिस्त्रींनी खाली वाकून, लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी जिथे भेटतात तिथून बोट फिरवलं. फरक नव्हता.

"पुढचा," ते म्हणाले.

मिस्त्रीणबाईंनी पदराने डोळे टिपले आणि बटण दाबलं.