दहा मिनिटांची रुग्ण

समुपदेशकांची परीक्षा घ्यायची दमयंतीबाईंची रीत छत्रपती संभाजीनगरात चांगलीच नावाजलेली होती. समोरासमोर दोन खुर्च्या, एकीवर परीक्षार्थी, दुसरीवर रुग्णाची भूमिका करणाऱ्या सिल्लोडच्या चंपाबाई, आणि कोपऱ्यात गुणपत्रिका घेऊन स्वतः बाई. चंपाबाईंनी पाठ केलेली कहाणी दहा मिनिटं सांगायची आणि घंटा झाली की उठून जायचं. कहाणी बाईंनीच लिहिली होती, त्यांच्याकडे उपचाराला येणाऱ्या वैजापूरच्या साळूबाईवरून, नावगाव बदलून. त्या कहाणीचं कौतुकही फार झालं होतं.

एक गोष्ट तेवढी त्यांनी लिहिली नव्हती. दोन वर्षांपूर्वी साळूबाई निघता निघता दाराशी थबकून म्हणाली होती, "बाई, आता परत काही येणं व्हायचं नाय." बाहेर रांग लागलेली. "मंगळवारी बोलू," म्हणत बाईंनी पुढच्या रुग्णाला हाक मारली. मंगळवारी साळूबाईचा भाऊ आला, ती गेल्याची खबर घेऊन. दाराशी ती काय म्हणाली हे बाईंनी फाइलीतही लिहिलं नाही आणि भावालाही सांगितलं नाही.

आज परीक्षार्थी अश्लेषाची शेवटची संधी होती. नापास झाली तर नोकरी जाणार होती. पोरगी मन लावून ऐकत होती. घंटा झाली, चंपाबाई उठल्या. बाई गुण मांडायला खाली वाकल्या, तोच दाराशी कुणीतरी म्हणालं, "बाई, आता परत काही येणं व्हायचं नाय."

बाईंचं पेन थांबलं.

"बसा," अश्लेषा म्हणाली. "मला घाई नाही."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाईंनी मान वर केली नाही. तेव्हा आपण एवढंच म्हणायचं होतं तर, बसा! त्या पोरीचा त्यांना असा संताप आला की अंगाची लाही लाही झाली. हिला पास करायचं म्हणजे स्वतःला दोषी ठरवायचं. 'वेळेचं भान नाही, अनुत्तीर्ण' असं लिहून त्यांनी खाली सही ठोकली आणि खुर्च्यांकडे न बघता त्या बाहेर पडल्या.

व्हरांड्यात चंपाबाई चहा पीत बसल्या होत्या. कप अर्धा झाला होता.

"तुम्ही इथं?"

"घंटा झाली तशी आले की. कवाची बसलेय इथं. का वं बाई, काय चुकलं का माझं?"

बाई वळल्या. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून अश्लेषा कुणाला तरी हलक्या आवाजात सांगत होती,

"त्या गेल्या. आता बोला."