कॅरिसचं माहेर

आमची सून कॅरिस घर घासायला लागली की माझं डोकं फिरतं. न्यूपोर्टहून येऊन आठवडा होत आला, बॅगा अजून पॅसेजमध्ये, आणि ही ओव्हनमध्ये डोकं घालून बसलेली. मी घासलेलं पातेलं ही परत घासते. म्हणजे मी काय घाण ठेवते होय?

मकरंद, माझा लेक, म्हणतो, "आई, तिला स्पेस दे." हेन्डरसन उपनगरातल्या आमच्या या घरामागं एवढं मोठं लाकडी डेक आहे, आणखी किती स्पेस देऊ?

तिचे वडील गेले. आई तर ती लहान असतानाच गेलेली. मकरंदला रजा मिळेना, म्हणून वडिलांचं घर रिकामं करायला तिच्याबरोबर वेल्सला मी गेले. न्यूपोर्ट म्हणजे नदीकाठचं जुनं बंदर. भरती ओसरली की नदीत नुसता चहाच्या रंगाचा चिखल. तिच्या वडिलांचा जन्म तिथल्या गोदीत गेला, जहाजात पोलाद चढवण्यात. आता ते पोलादाचे कारखानेही थंड झालेत. एक उंच लोखंडी पूल तिनं मला काठावरून दाखवला. त्याला खाली पाळणा टांगलेला, त्यात उभं राहून नदी ओलांडायची. "डॅड मला न्यायचा," एवढंच बोलली. डोळे कोरडे.

निघायच्या दिवशी तिनं दार ओढून घेतलं. आमच्यात लेक माहेरून रिकामी निघत नाही, ओटी भरून पाठवतात. पण भरायला उरलंय कोण? मी सासू, त्यात नवरा नसलेली. माझा हात पुढं होईना. तेवढ्यात शेजारची म्हातारी सपाता फरफटत आली. टॉवेलात तव्यावर भाजलेले मनुकांचे केक होते, अजून गरम. कॅरिसच्या दोन्ही हातांत बॅगा, म्हणून म्हातारीनं तिच्या कोटाचा घोळ धरला आणि त्यातच ते पुडकं ठेवलं. ओटी म्हणजे काय तिला ठाऊक नसणार. भरली मात्र रीतसर.

विमानात कॅरिसनं ते मांडीवरून खाली ठेवलं नाही. खाल्लंही नाही, रडलीही नाही.

आज सकाळी बघते तर पुन्हा सिंकपाशी उभी. म्हटलं, "अगं, बस की जरा."

"बसले की रडायला येतं, आई," ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली.

मी नळ बंद केला. तिचे साबणाचे हात माझ्या पदरात घेऊन पुसले.

"मग रड. माहेरवाशिणीला कामं नसतात, भांडी मकरंद घासेल. इथून पुढं तुझं माहेर हेच. आई जरा तोंडाळ मिळाली आहे, तेवढं चालवून घे."