ओर्लीनच्या नावाचं गाणं

डेल्मर स्टिडमने बायकोवर गाणं रचलं आणि तेव्हापासून ओर्लीनच्या मागची साडेसाती सुटली नाही. पाळण्यात तान्हं लेकरू रडतंय, चुलीवर मक्याची भाकरी करपतेय, आणि ओर्लीन दार उघडं टाकून परक्याच्या ट्रकमध्ये बसून गेली, असं ते गाणं. एकाहत्तर साली डेल्मरने ते स्वतः गायलं. पाच वर्षांनी नॅशव्हिलच्या एका बड्या गायकाने ते देशभर नेलं. पुढे दोघा गायक भावांच्या जोडीने त्याला नाचाचा ठेका लावला. डेल्मर मेला, गाणं मेलं नाही. केंटकीतल्या तिच्या डोंगरी गावात ओर्लीन दुकानात शिरली की कुणीतरी गुणगुणायचंच.

आणि आता तिच्या सख्ख्या बहिणीची लेक रोवेना कॅसेट घेऊन दारात उभी. तेच गाणं, चौथ्यांदा.

"मावशी, मी ते तुझ्या बाजूनं गायलंय. ऐक तरी, किती दुःखी वाटतं."

"शब्द बदललेस?"

रोवेनाने मान हलवून नाही म्हटलं.

"मग कसली माझी बाजू? त्यांनी हसत शिव्या दिल्या, तू रडत दिल्यास."

पंचवीस वर्षं गिळलेलं सगळं मग ओर्लीनच्या तोंडून बाहेर पडलं. दार उघडं नव्हतंच, डेल्मरने बाहेरून खिळे ठोकले होते. ती खिडकी फोडून निघाली, लेकरू कडेवर होतं, आणि ट्रक तिच्या बापाचा होता. त्याच लेकराला पुढे शाळेतली पोरं 'टाकलेला' म्हणून चिडवायची.

रोवेनाचा चेहरा उतरला. कॅसेट काढणाऱ्या कंपनीने ती विक्रीला पाठवली होती, आता ती थांबणार नव्हती. पण गावच्या जत्रेत ते गाणं गाणार नाही, असं तिने कबूल केलं आणि शब्द पाळला. शनिवारी दुपारी स्टेजवरून तिने सरळ सांगितलं की हे गाणं खोटं आहे. लोक आधी हसले. मग कुणीतरी सुरुवात केली आणि बघता बघता सगळं मैदान गाऊ लागलं, बायकासुद्धा. वादकांनीही साथ धरली. रोवेना खाली उतरली.

ओर्लीन चर्चच्या स्टॉलवर केक विकत होती. समोरचं गिऱ्हाईक मान डोलवत गात होतं. तिने त्याच्या हातातली बशी ओढून घेतली.

"ती ओर्लीन मीच. माझ्या हातचं तुला कशाला हवंय?"

त्याला ती थट्टा वाटली. त्याने हसून पुन्हा हात पुढे केला. ओर्लीनने केक कचऱ्याच्या पिंपात टाकला. मग दुसरा, मग तिसरा. पाद्रीबाबांची बायको धावत आली, पण ओर्लीनचा हात धरायची तिची हिंमत झाली नाही. टेबल रिकामं झाल्यावर ओर्लीनने एप्रन सोडला, रोवेनाला हाताला धरून गाडीत बसवलं आणि काचा वर केल्या. तरीही मैदानावरचं दुसरं कडवं आत ऐकू येतच होतं.