भिंगवाल्या ताईंची खुर्ची

मी बोलतेय, चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या खोलीतली लोखंडी खुर्ची. खुर्चीनं गप्प राहावं, असं तुम्ही म्हणाल. आजवर तेच केलं. पण माझ्यावर बसून माणसं इतकं वाटेल ते बोलली आहेत, की आता राहवत नाही.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये झाला, आणि तोही एका फजितीमुळे. या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ताई करतात. ताई अंगानं मोठ्या. एकदा भर गर्दीत त्यांच्याखालची प्लास्टिकची खुर्ची मोडली. ताई जमिनीवर आणि दुकानभर हशा. उठवायला हात आले ते नंतर. दुसऱ्याच दिवशी मालक वर्कशॉपात येऊन म्हणाले, "हत्तीण पेलेल अशी बनवून दे." वेल्डरही खो खो हसला. मी तेव्हा नुसते पाइप होते, तरी मला ते लागलं.

ताईंनी पहिल्या दिवशी आधी मला हातानं दाबून पाहिलं, मग हळूच टेकल्या, जणू माझी परवानगी मागत होत्या. वजनाचं मला काय? त्यासाठीच तर मी घडले. भार होता तो लोकांच्या बोलण्याचा.

कॅशवर बसणाऱ्या मावशी रोज काहीतरी सुचवायच्या. "अगं, रात्रीचं जेवण सोड." "जिने चढत जा." "बाईमाणसाचा तोंडावर ताबा हवा." ताईंनी सगळं करून पाहिलं होतं. उपाशीपोटी कामाला बसायच्या तेव्हा त्यांच्या पोटातली गुरगुर मला ऐकू यायची. थोडं वजन उतरायचं, पुन्हा व्याजासकट चढायचं. मग गुडघे कुरकुरायला लागले, रक्तातली साखर वाढली, आणि डॉक्टरांनी साखर नि भूक दोन्ही आवरणारं, आठवड्याला एक घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं.

हे औषध म्हणजे आयतं सुख, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या बैठकीची कड येऊन बघावी. सुरुवातीला पोटात ढवळून आलं की ताई दोन्ही हातांनी ती घट्ट धरायच्या, घाम पुसायच्या आणि पुन्हा भिंग उचलायच्या. तिथला रंग त्यांच्या बोटांनीच गेलाय. पुढे त्रास शमला, वजन उतरू लागलं, आणि मग काय कौतुक! "ताई, निम्म्या झालात!" "जिद्द असावी तर अशी!" मालक गिऱ्हाइकांना आत बोलावून ताईंना दाखवायचे. ताई "चालते, कमी खाते" म्हणून वेळ मारून न्यायच्या. ते खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं.

उरलेलं अर्धं त्यांनी एकदा विश्वासानं मावशींना सांगितलं. मावशींच्या तोंडात ते चहा निवेपर्यंतही टिकलं नाही. ताई जरा बाहेर गेल्या, तशा मावशी माझ्यावरच ऐसपैस बसल्या आणि मालकांना म्हणाल्या, "कसली जिद्द नि कसलं काय! सुई टोचून घेते ती दर आठवड्याला."

"असं होय?" मालक म्हणाले. "मग त्यात त्यांनी काय केलं?"

माझ्या अंगाचा नुसता तीळपापड झाला. मावशी रोज जेवणानंतर रक्तदाबाची गोळी घेतात, तीही माझ्यावर बसूनच. तेव्हा कोणी विचारलं का, की यात मावशींनी काय केलं? 'काहीतरी कर' म्हणणारी तोंडं हीच होती. केलं तर 'हे नव्हे' म्हणणारीही हीच. म्हणजे नेमकं हवं काय होतं यांना? ताईंनी हालहाल करून घ्यायला हवे होते, तेव्हा कुठे यांच्या जिवाला गार वाटलं असतं!

ताईंना मात्र खरं झोंबलं ते धाकट्या बहिणीचं बोलणं. ती चष्मा न्यायला आली आणि मावशींनी तिला कॅशवरच गाठलं. ती तडक मागच्या खोलीत आली.

"खरंय का गं, ताई?"

ताईंनी मान हलवली.

"मी अंधारात उठून पळते. पोरं केक खातात आणि मी काकडी चावत बसते. दोन बाळंतपणांनंतर कसं उतरवलंय ते तुला माहितीय. आणि तू टोचून घेतलंस नि जगाकडून शाबासकी घेतलीस! मला तरी सांगायचंस."

"तू हसशील असं वाटलं."

"हसत नाहीये मी. लाज वाटतेय मला तुझी."

ती चष्मा तसाच टाकून निघून गेली. त्या दुपारी ताईंच्या हातून चांगलं भिंग तडकलं. पुढे एकदा ताई बहिणीला फोनवर सांगत होत्या, "सोडलंय मी ते. आता तरी येशील ना घरी?" डॉक्टरांना न विचारताच सोडलं होतं. का, तर बहिणीनं बोलावं म्हणून!

वजन परतलं. मावशी म्हणाल्या, "बघ, टिकलं का? मी तेव्हाच म्हटलं होतं." साखरही चढली. ताई दिवसभर पाण्याची बाटली तोंडाला लावायच्या. जगाला स्वच्छ दिसावं म्हणून जी बाई राबते, तिलाच अंधुक दिसू लागलं. एकच भिंग पुन्हा पुन्हा पुसायच्या. आणि एका सकाळी बसल्या बसल्या त्या एका बाजूला कलल्या. मला हात नाहीत हो! एरवी ताईंना ऐसपैस बसायला तेच सोयीचं, पण त्या दिवशी मला दोन हात असते तर मी त्यांना धरलं असतं. त्या खाली पडल्या. या वेळी कोणी हसलं नाही, एवढंच. मालक दवाखान्यात घेऊन धावले.

काही दिवसांनी बहीणच त्यांना धरून दुकानात घेऊन आली. माझ्यावर बसवलं आणि विचारलं, "तुझं ते कधी घ्यायचं असतं?"

"शनिवारी."

"मग दर शनिवारी मी येते. डॉक्टर म्हणालेत, पुन्हा थोड्यापासून सुरू करायचं. मळमळेल परत." मग म्हणाली, "तू इंजेक्शन घेतल्यानं माझं पळणं काही वाया जात नाही. मला उगाच तसं वाटलं." माफीचा शब्द तिनं काढला नाही, पण ताईंचा विस्कटलेला पदर नीट केला.

मध्यंतरी मावशींच्या नातीचा वाढदिवस झाला. दुकानात केक आला. "ताई, घे मोठा तुकडा," मावशी म्हणाल्या, "तुला काय, इंजेक्शन आहेच!" सगळे हसले.

ताईंनी तुकडा बाजूला ठेवला. "मालक, जरा चष्मा काढा."

"का हो?"

"काढा तर खरं. आता मनाचा निग्रह करा आणि ही पावती वाचून दाखवा."

मालकांनी डोळे बारीक केले, मग ओशाळून हसले. "ते वेगळं, ताई."

"वेगळं कसं?"

"वेगळं म्हणजे वेगळं. डोळे काय माणसाच्या हातात असतात?"

"आणि माझं शरीर माझ्या हातात होतं, असं वाटतं तुम्हाला? इतकी वर्षं बघताय ना मला?"

मावशींनी केकचा खोका बंद केला. पटलं का त्यांना? छे! दुसऱ्या दिवशी मालक एका गिऱ्हाइकाला तीच इंजेक्शनची गंमत तिखटमीठ लावून सांगत होते. पण आता ताई आतूनच ओरडतात, "हो, औषध घेते मी! काही विचारायचं असेल तर आत या."

आणि माणसं येतात. दार लोटून घेतात, माझ्या कडेवर अंग चोरून टेकतात आणि खालच्या आवाजात विचारतात, "त्रास होतो का हो?" ताई उभ्या राहून उत्तर देतात, "मला झाला. तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि अशा कडेवर काय बसता? नीट बसा."

माझा रंग उडालाय, एका पायाचं रबर झिजलंय, हलले की फरशीवर करकरते. तरी अजून धडधाकट आहे. तुम्हीही या. जाड या, बारीक या, पळत या, नाहीतर औषध घेऊन या, मी कुणालाही पेलेन. फक्त माझ्यावर बसून दुसऱ्याची मापं काढू नका.