थेरेसचा गुलाबी दगड

बाल्त्सने भिंग डोळ्याला लावलं आणि तो श्वास घ्यायचा विसरला. धुरकट स्फटिकाच्या बुंध्यावर अक्रोडाएवढा गुलाबी फ्लुओराइटचा खडा बसला होता. आठही बाजू आरशासारख्या, कोपरा न् कोपरा शाबूत. डोंगरातल्या कपारींतून निघालेले दगड पारखण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. गश्येनेन या डोंगरी गावातल्या त्याच्या टेबलावर असा नग कधी आला नव्हता.

"खरा आहे ना, बाल्त्सकाका?" थेरेसने विचारलं. तिचा डावा हात रुमालाच्या झोळीत होता. काल जिन्यावरून पडले, असं तिने आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. बाल्त्सने पुढे विचारलं नाही. तिच्या घराला जिना नव्हता.

"खरा म्हणजे? अगदी अस्सल. कुणी काढला?"

"मीच. हिमनदीच्या वरच्या कड्यात तीन दिवस दोराला लटकून." ती दाराकडे बघत बोलत होती. "विकला तर खाली बहिणीच्या गावात खोली मिळेल? वर्षभर भाडं निघेल?"

"दहा वर्षं निघेल, पोरी."

तेवढ्यात दार लाथेने उघडलं. तिचा नवरा रेमिगी आत आला, तो कमरेच्या हातोड्यासकटच. त्याने एका शब्दानेही काही न विचारता थेरेसचे केस धरले आणि तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं.

"घरातला माल घेऊन पळतेस होय गं?"

बाल्त्स मध्ये पडला. कोपराचा एकच फटका बसला आणि म्हातारा खुर्चीसकट भिंतीशी कोसळला. नाकातून रक्त ओठांवर आलं.

"तू बसून राहा, थेरड्या. फक्त किंमत सांग."

खरं सांगितलं तर दगड रेमिगीच्या खिशात जाणार आणि थेरेस पुन्हा त्याच्या घरात. दगडाच्या बाबतीत बाल्त्स आजवर कधी खोटं बोलला नव्हता.

"कवडीमोल आहे," तो रक्त पुसत म्हणाला. "काचेचा गुलाबी तुकडा वरून चिकटवलाय. कुणीतरी हिला फसवलं. टाकून दे नि घरी जा."

रेमिगीने दगडाकडे पाहिलं. बाल्त्सला वाटलं, टळलं. पण त्याचे डोळे दगडावरून सरकत बायकोकडे गेले.

"म्हणजे चिकटवलेल्या काचेसाठी तीन दिवस घर सोडून गेली होतीस? मग होतीस कुठे? कुणाकडे?"

त्याने हातोडा उपसला. तिचे केस त्याच्या मुठीत, डोकं टेबलावर दाबलेलं. शेजारीच वीतभर अंतरावर दगड. हातोडा वर गेला.

"खोटाच आहे," थेरेस टेबलावरूनच म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "गावभर तुझं हसं करायला आणला होता. फोड की."

हातोडा खाली आला. एकदा, दोनदा, मग मोजण्यापलीकडे. गुलाबी कपच्या भिंतींवर, जमिनीवर, तिच्या केसांत उडाल्या. दम लागेपर्यंत रेमिगी फोडत राहिला. मग थुंकला आणि निघून गेला.

बाल्त्स भिंतीला धरून उठला.

"पोरी," बाल्त्स म्हणाला. "तो दगड इथेच ठेवून जाईल असं वाटलं गं मला. खरा होता तो. माझ्यामुळे गेला."

"माझ्या हातांनी काढला होता, काका. मला माहीत नसेल?" तिने केसांतली कपची काढून टेबलावर ठेवली. "हातोडा वर गेला होता. कशावर तरी पडणारच होता."

ती उठली. फुटलेला ओठ बाहीने टिपला. भिंतीवरच्या फोनपाशी जाऊन तिने उजव्या हाताने पोलिसांचा नंबर फिरवला. पलीकडून नाव विचारलं असावं.

मग तिने माहेरचं आडनाव सांगितलं.