आईस्क्रीमची पेटी आडवी झाली

मित्रांनो, नाकं मुरडू नका! पत्रा चेपलेला आणि रंग उडालेला असला, तरी मी आईस्क्रीमची पेटी आहे. दोन पत्र्यांच्या मध्ये जाड थर्माकोल भरून एका कारागिराने मला घडवले. तीनचाकी गाडीवर बसून मी आईस्क्रीमवाल्या काकांबरोबर गल्लोगल्ली हिंडले. भर उन्हातही माझ्या पोटातले आईस्क्रीम कधी पाघळले नाही. "पेटी असावी तर अशी!" असे काका ज्याला त्याला सांगत. मग मी का नाही मिरवणार?

पुढे काकांचे गुडघे कुरकुरू लागले. गाडी विकली गेली आणि मी मागच्या अंगणात येऊन पडले. माझ्यावर फुटक्या कुंड्या चढल्या, कोळ्यांनी जाळी विणली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय! मला फार वाईट वाटले.

त्या अंगणात एक रानटी मांजर येई. कोणी जवळ गेले की फिस्कारे, म्हणून काकू तिला 'फणकारी' म्हणत. मागच्या हिवाळ्यात तिची दोन्ही पिल्ले गारठून दगावली होती. यंदा तिला एकच पिल्लू झाले, तेही ऐन थंडीच्या तोंडावर. भिंतीच्या आडोशाला ते कुडकुडत पडे.

"या वेळी नाही हो जाऊ द्यायचं त्याला," काकू म्हणाल्या.

आणि काकांना माझी आठवण झाली! त्यांनी मला घासूनपुसून लख्ख केले. झाकणाला मांजर शिरेल एवढे गोल भोक पाडले, आत गरम पाण्याची पिशवी आणि जुनी शाल ठेवली. फणकारीने मला हुंगले आणि ती शेपटी उडवून चालती झाली. असा अपमान माझा कधी झाला नव्हता.

काकूंनी भोकावर तळहात धरला. "अहो, सगळी ऊब इथून पळतेय! आईस्क्रीम ठेवायचंय की मांजर?"

"पेटीचं तोंड वरच असतं," काका अडून बसले. "जन्म गेला माझा त्यात!"

"गारवा खाली बसतो, ऊब वर जाते. आडवी करा तिला."

आडवी? मला? मित्रांनो, मी जन्मभर ताठ उभी राहिलेली! पण त्या पिल्लाकडे पाहिले आणि माझा ताठा गळून पडला. दोघांनी मला दोन विटांवर आडवे ठेवले. आत वारा शिरू नये म्हणून भोकाची बाजू भिंतीकडे वळवली, मांजराला जायला तेवढी फट सोडली. शाल ओल धरते म्हणून काकूंनी ती काढली आणि काचेच्या भांड्यांभोवती घालतात तो कोरडा पेंढा दुकानातून मागून आणून भरला.

संध्याकाळी बोचरा वारा सुटला. फणकारी आली, थबकली, आणि पिल्लाला तोंडात धरून थेट माझ्या पोटात शिरली!

सकाळी अंगणातल्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा होता. काका गुडघे विसरून धावले आणि त्यांनी माझ्या पत्र्याला कान लावला. आत घुर्रघुर्र चालली होती.

"अगं, जिवंत आहेत! दोघंही!" काका ओरडले. लगेच फणकारी बाहेर डोकावून त्यांच्यावर फिस्कारली. काका हसत सुटले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास, म्हातारे!"

आता ते पिल्लू चांगले दांडगे झाले आहे. दुपारी माझ्या पाठीवर उन्हात लोळते आणि नखांनी माझा उरलासुरला रंग काढते. काढू दे!

मित्रांनो, जुनी वस्तू भंगारात टाकण्याआधी तिला एकदा आडवीतिडवी करून बघा. जन्मभर बर्फ सांभाळलेल्या माझ्या पोटातही एका पिल्लापुरती ऊब निघाली ना!