राहायचा पत्ता

क्लोव्हिसचं पत्र येऊन अकरा महिने झाले होते आणि एल्डन प्रूइटने त्याला उत्तर पाठवलं नव्हतं. एल्डन ओहायोतल्या तुरुंगात ग्रंथपाल होता, तेव्हा तिथला कैदी क्लोव्हिस बारा वर्षं त्याच्या हाताखाली फाटकी पुस्तकं बांधत असे. त्याने लिहिलं होतं: 'सर, पॅरोल मंजूर झाला, शिक्षा संपायच्या आधीच सुटका. पण बाहेर राहायचा पत्ता दाखवल्याशिवाय सोडत नाहीत. आई गेली, बहीण दारात उभं करत नाही. मिल स्ट्रीटच्या वसतिगृहात सुटलेल्यांना खाट मिळते, पण जिल्हा मंडळ त्याचा निधी बंद करणार म्हणतात. सुनावणीत तुम्ही दोन शब्द बोलाल का?'

एल्डन सुनावणीला गेला होता. बोलणाऱ्यांच्या यादीत नावही लिहिलं होतं. नाव पुकारलं तेव्हा मात्र त्याने मान खाली घातली, जणू एल्डन प्रूइट म्हणजे दुसराच कुणी. तीन विरुद्ध दोन मतांनी निधी गेला. वसतिगृहाला कुलूप लागलं. तिथला एक जण जानेवारीत पुलाखाली गारठून मेला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. क्लोव्हिस सुटकेचा कागद असूनही आतच राहिला. त्याला कोणत्या तोंडाने लिहायचं?

यंदा वसतिगृहाच्या निधीचा प्रश्न पुन्हा मंडळापुढे आला. पुकारा होताच एल्डन उठला. लिहून आणलेला कागद त्याने न वाचताच खिशात कोंबला.

"माणूस सुटतो, तेव्हा त्याच्या हातात एक पिशवी असते," तो म्हणाला. "संध्याकाळी तो कुठे जाणार, हे कुणी विचारत नाही..."

"एवढा पुळका असेल तर ने ना एखाद्याला घरी!" शेजारचा हार्लन मागून ओरडला. त्याचं खिळे-हातोड्यांचं दुकान मिल स्ट्रीटवरच होतं. "आमच्या करातून कशाला?"

सभागृह हसलं. एल्डन मागे वळला.

"नेईन, हार्लन. पण माझ्याकडे खोली एकच आहे. वर्षाला साठ जण सुटतात. उरलेले एकोणसाठ तुझ्या दुकानामागे झोपतील."

"धमकी देतोस काय रे?"

"नाही. थंडीचं सांगतोय. हे एकट्यादुकट्याला झेपणारं नाही, सगळ्यांनी मिळून उचलायला हवं."

या वेळी कुणी हसलं नाही. मतं पडली. पुन्हा तीन विरुद्ध दोन. निधी नाहीच.

दाराशी हार्लनने त्याला गाठलं. "खरंच आणणार आहेस एकाला? ज्याला आणशील, त्याने काय केलं होतं?"

"दुकान लुटलं. रखवालदाराला गोळी घातली."

"मेला?"

"नाही. लंगडतो."

"आणि तुला भीती नाही वाटत?"

"वाटते."

"मग?"

एल्डन पायऱ्या उतरून चालू लागला. घरी येऊन, कोट न काढताच त्याने लिहायला घेतलं: 'क्लोव्हिस, निधी मिळाला नाही. गेल्या वर्षी मी बोलायला हवं होतं, बोललो नाही. माझा पत्ता खाली देतो आहे, अधिकाऱ्यांना दाखव. बाकीच्यांसाठी माझ्याकडे जागा नाही.'

तिकीट चिकटवून तो कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेला आणि पत्र आत सोडलं.